हरीण सोलायला कोणती सुरी घ्यावी? पहिल्या हंगामाआधी वाचायचं

आठ इंची पात्याची, शिंगाच्या मुठीची सुरी कमरेला लावून मी पहिल्यांदा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या रानात गेलो, तेव्हा स्वतःला मावळाच समजत होतो. दुपारी हरीण पडलं आणि अर्ध्या तासात त्याच सुरीच्या टोकाने मी त्याचा कोठा फोडला. अर्धवट पचलेल्या मक्याचं हिरवं पाणी आतल्या सगळ्यात कोवळ्या मांसावर सांडलं. कोथळा काढायला बिचवा पुरतो, हे चौथीच्या इतिहासात शिकूनही मी विसरलो होतो.

माझ्यासोबत आलेले शेजारी जन्मभर गाईगुरं सांभाळलेले म्हातारे शेतकरी. ते काही बोलले नाहीत. खिशातून प्लॅस्टिकच्या मुठीची, बोटभर लांब पात्याची सुरी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. माझ्या सुरीच्या किमतीत तसल्या दहा आल्या असत्या. उरलेलं सगळं काम तिनेच झालं.

हा लेख मराठी घरातून इकडे आलेल्या आणि पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला निघालेल्या माणसासाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे काम आपल्याला घरात कुणी शिकवलेलं नसतं. जत्रेत झाडाला टांगलेला बोकड सोलताना मात्र अनेकांनी पाहिलेला असतो. तो डोळ्यांपुढे आणा, खूप उपयोग होईल.

सुरीच्या आधी कागद

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकार सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे. चालू शिकार परवाना हा तिच्यातला एक अपवाद आहे. ऑफिसातल्या मित्राच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, नियम स्वतः वाचा. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. सुरीची खरेदी आणि सराव ऑक्टोबरच्या आत उरकलेला बरा.

पहिली पायरी: काम ओळखा

नवशिक्याला वाटतं, हरीण म्हणजे एवढं मोठं जनावर, सुरीही मोठी हवी. पण मोठ्या पात्याला इथे कामच नसतं. पोट उघडताना पातं आत जेमतेम दोन बोटं जातं. कातडं काढताना निम्मं काम मुठीने रेटून आणि हाताने ओढून होतं, सुरी फक्त अडलेला पडदा सोडवते. आणि हाडं वेगळी करताना तुम्ही हाड तोडत नाही, दोन स्नायूंमधली किंवा हाड आणि मांसामधली फट शोधत जाता. कोयत्यासारखा घाव कुठेच घालायचा नसतो. आपल्याकडे खाटीक लाकडी ओंडक्यावर सुऱ्याने नळीसकट तुकडे करतो, ते दृश्य मनातून काढून टाका. इथे हाड न तोडण्याला एक मोठं कारण आहे, ते पुढे येईल.

म्हणून सुऱ्या दोन घ्यायच्या: पोट उघडायला आणि सोलायला एक, हाडांपासून मांस सोडवायला दुसरी. तिसरी, मांसाचे काप करायची, स्वयंपाकघरात असतेच.

दुसरी पायरी: सोलायची सुरी

पातं साडेतीन ते चार इंच. चारच्या वर जाऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

पात्याचं टोक नीट बघा. ज्या सुरीची पाठ टोकाकडे हलकी उतरत जाते, तिला इथे ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणतात. टोक पाठीच्या रेषेच्या खाली असल्यामुळे पोटाच्या कातड्याखालून सरकताना ते आतड्यात घुसायची शक्यता कमी. माझ्या त्या पहिल्या सुरीचं टोक उलट वर उचललेलं आणि सुईसारखं होतं. दिसायला झकास, पण भोसकायला केलेलं. धारेच्या बाजूने पात्याला चांगला गोलवा हवा, कारण कातडं सोलताना टोक नाही, तो गोल भागच पडद्यावरून फिरतो.

घडीची सुरी खिशात मावते, पण हरणाची चरबी आणि रक्त तिच्या सांध्यात जाऊन बसतं आणि घरी आल्यावर दात घासायच्या ब्रशने तासभर कोरत बसावं लागतं. शिवाय गारठलेल्या, ओल्या बोटांवर ती मिटली तर काय, याचा विचार करा. नवशिक्याने न मिटणारी, म्यानातली सुरीच घ्यावी. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असेल तर उत्तम, पण एवढ्या हलक्या कामाला त्यासाठी अडून बसू नका. स्वीडनच्या मोरा गावच्या साध्या सुऱ्यांचं पोलाद मुठीत अर्ध्यातच थांबतं, तरी त्या वर्षानुवर्षं हरणं सोलतात. मोराकनिव्हची कंपॅनियन ही त्यातलीच. दहा सेंटिमीटरच्या आसपास पातं, स्टेनलेस पोलाद, रबरी पकडीची मूठ आणि किंमत दोन माणसांच्या साध्या जेवणाइतकी. माझ्या गाडीत तशा दोन आहेत.

मुठीविषयी थोडं जास्त बोलतो, कारण दुकानात सगळे पात्याकडेच बघतात. नोव्हेंबरात तापमान शून्याच्या आसपास असतं. हात रक्ताने आणि चरबीने माखलेले, बोटं बधिर. गुळगुळीत लाकडाची, पितळेची टोपी लावलेली मूठ अशा वेळी साबणाच्या वडीसारखी निसटते. रबर किंवा खरखरीत प्लॅस्टिक हवं, आणि पातं सुरू होतं तिथे बोट पुढे सरकू नये म्हणून उंचवटा हवा. दुकानात स्वयंपाकाचे जाड हातमोजे घालून मूठ पकडून बघा. लोक हसतील, हसू द्या. आणि रंग भगवा किंवा पिवळा घ्या. हिरव्या-तपकिरी मुठीची सुरी पालापाचोळ्यात ठेवली की ती रानाची झाली.

काही सुऱ्यांच्या पाठीवर हुकासारखा आकडा असतो, पोटाचं कातडं चेन उघडल्यासारखं फाडायला. पहिल्या हरणावर तो मस्त चालतो. मग त्याच्या खोबणीत केस अडकतात, धार जाते, आणि ती परत लावायला गोल कानस लागते, जी कुणाकडेच नसते. मी तरी घेऊ नका म्हणेन.

बदलत्या पात्यांच्या सुऱ्या निघाल्या आहेत, हॅव्हलॉनसारख्या. डॉक्टरच्या शस्त्रक्रियेच्या पात्याइतकी धार, बोथट झालं की पातं फेकायचं. कातडं सोलायला त्या लोण्यातून फिरतात. पण पातं इतकं पातळ असतं की सांध्यात घालून जरा पिळलं की तुटतं, आणि तुटलेला तुकडा मांसात शोधण्याची मजा मला एकदाच पुरली. ते पातं बदलायचं तेही पक्कडीने, बोटांनी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या.

तिसरी पायरी: हाडं काढायची सुरी

ही सुरी शिकारीच्या दुकानात शोधू नका. खाटकांना आणि हॉटेलांना माल पुरवणाऱ्या दुकानात जा. सहा इंची, अरुंद, किंचित वळलेलं पातं. व्हिक्टोरिनॉक्सची काळ्या फायब्रॉक्स मुठीची सुरी इथल्या मांसाच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ती किंवा तिच्यासारखी कोणतीही चालेल.

लवचीकपणा बघून घ्या. तीन प्रकार मिळतात: लवणारी, अर्धवट लवणारी आणि ताठ. खूप लवणारी मासळी आणि कोंबडीसाठी. हरणाच्या मांडीच्या हाडाला लागून ती नेली की पातं वाकून भलतीकडेच जातं. अर्धवट लवणारी घ्या. हाडाच्या गोलाईला ती थोडी मान तुकवते, पण हुकूम तुमचाच ऐकते.

अरुंद पातं का? खांद्याचं पसरट हाड आठवा. त्याच्या मधोमध एक उभा कणा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस चिकटलेलं असतं. रुंद पातं तिथे वळतच नाही, निम्मं मांस हाडावर राहतं.

चौथी पायरी: पोलाद, थोडक्यात

या विषयावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. तुम्हाला एवढंच पुरे. पोलादाला पाणी कसं दिलंय त्यावर त्याचा कठीणपणा ठरतो आणि तो रॉकवेल मापात मोजतात. खाटकाच्या सुऱ्या साधारण ५५-५६ च्या, मऊ. लवकर बोथटतात, पण पोलादी कांडीवर चार हात फिरवले की परत चालायला लागतात. एस-३०व्ही सारखं महागडं पोलाद ५८ ते ६१ चं. एक अख्खं हरीण धार न लावता निघेल, पण बोथटलं की साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते.

ज्याला धार लावता येत नाही त्याला कठीण पोलाद हवं असं वाटतं. खरं उलट आहे. शिकायचं तर मऊ पोलादावर शिका, चूकही लवकर दुरुस्त होते. कार्बन पोलाद छान धार धरतं, पण रक्त लागून रात्रभर राहिलं की सकाळी तांबूस डाग. आपल्या घरची लोखंडी विळी धुऊन लगेच पुसून ठेवायची ज्यांना सवय आहे त्यांनी खुशाल घ्यावं. बाकीच्यांनी स्टेनलेस.

पाचवी पायरी: धार

खरं म्हणजे ही पायरी पहिली हवी होती. धार नसलेल्या महाग सुरीपेक्षा धार असलेली स्वस्त सुरी केव्हाही बरी, आणि सुरक्षितही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी सुटली की ती हरणाकडे जात नाही.

दगड एकच घ्या, दोन बाजूंचा: एक बाजू ४०० ग्रिटच्या (कणांच्या मापाच्या) आसपास, खरखरीत, दुसरी १००० ची, बारीक. सोलायच्या सुरीला प्रत्येक बाजूने २० अंशांचा कोन, हाडं काढायच्या सुरीला थोडा कमी, १५ ते १८. अंश कसे मोजायचे? पातं दगडावर उभं धरा, ९० अंश. निम्मं झुकवा, ४५. परत निम्मं, साधारण साडेबावीस. त्याच्या किंचित खाली. मार्कर पेनाने धारेची कड काळी करा आणि दगडावर दोन-तीनदा ओढा. काळं जिथून निघालं तिथे तुम्ही घासताय. कडेपर्यंत निघत नसेल तर कोन कमी पडतोय, पाठ थोडी उचला.

एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागते. ती आडवं बोट फिरवून तपासा, धारेच्या दिशेने नाही. पूर्ण लांबीभर खरखर आली की बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने, आलटून-पालटून दोन्हीकडून ओढून ती खरखर काढून टाका. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला जाईल तेव्हा झालं.

लहानपणी दारावर सायकलच्या चाकाने सहाण फिरवणारा धारवाला यायचा, ठिणग्या उडायच्या, आम्ही बघत बसायचो. तशी विजेची यंत्रं इथे मिळतात. जपून वापरा. धार जास्त तापली की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ती सुरी कधीच धार धरत नाही.

रानात दगड नेऊ नका. छोटी हिऱ्याची पट्टी किंवा कांडी खिशात ठेवा, आणि काम अर्धं झालं की सुरी चालत असली तरी थांबून दोन मिनिटं फिरवा.

सहावी पायरी: सराव मटणावर

हंगामाच्या महिनाभर आधी देशी दुकानातून किंवा हलाल खाटकाकडून बकऱ्याची अख्खी मांडी आणि अख्खा फरा आणा. तुकडे करू नका म्हणून बजावून सांगा, नाहीतर सवयीने करून देतील. घरी मोठ्या फळीखाली ओलं फडकं घाला म्हणजे ती सरकणार नाही, आणि हाडं काढायचा सराव करा. बकऱ्याचा आणि हरणाचा सांगाडा जवळजवळ सारखाच, फक्त माप वेगळं. पहिल्यांदा पाऊण तास लागेल आणि हाडावर खूप मांस राहील. त्या हाडांचा आळणी रस्सा करा, काही वाया जात नाही. दुसऱ्या मांडीला वेळ निम्म्यावर येतो.

सातवी पायरी: प्रत्यक्ष दिवशी

पोट उघडताना पात्याची धार वर, आभाळाकडे. दुसऱ्या हाताची दोन बोटं पात्याच्या दोन्ही बाजूंनी आत घालून पडदा उचला आणि बोटांच्या मधून सुरी पुढे न्या. आतडी खाली राहतात, पातं वर. शिवाय कातडं आतून बाहेर कापलं जातं, त्यामुळे केस तुटून मांसावर पडत नाहीत आणि धारही टिकते. केसांसारखं धार मारणारं दुसरं काही नाही, त्यांत माती भरलेली असते. माझी पहिली चूक इथेच झाली होती.

मागच्या पायांच्या गुडघ्यापाशी आतल्या बाजूला केसांचा गडद, उग्र वासाचा पट्टा असतो, ती ग्रंथी. तिला लागलेली सुरी किंवा हातमोजा मांसाला लावू नका. आधी धुवा.

कातडं हरीण गरम असताना सहज सुटतं, थंड झालं की चिकटून बसतं. मागच्या पायांवर टांगा, मांड्यांभोवती कापून घ्या, मग खाली ओढत जा. अडेल तिथे मूठ घाला, अगदीच अडेल तिथे सुरी, आणि तेव्हा धार कातड्याकडे वळवलेली, मांसाकडे नाही. गावाकडे बोकड सोलणारा मुलाणी अशीच मूठ घालून कातडं सोडवायचा. सुरी बराच वेळ त्याच्या दातांतच असायची. ती युक्ती मात्र उचलू नका.

मग हाडं. पुढचा पाय धरून बाहेर ओढा. हरणाला गळपट्टीचं हाड नसतं, खांदा धडाला फक्त स्नायूंनी जोडलेला असतो. ओढलेल्या पायाखाली सुरी फिरवत गेलात तर एकाही हाडाला न लागता अख्खा फरा हातात येतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत एकेक लांब पट्टा असतो, सगळ्यात चांगलं मांस. कण्याच्या काट्यांना पातं टेकवून वरून खाली एक चीर द्या, मग बरगड्यांवरून आडवं. पातं हाडावर घासल्याचा आवाज येत राहिला पाहिजे. आवाज थांबला म्हणजे मांस मागे राहतंय.

मांडी खुब्याच्या वाटीतून सुटते. मांडी बाहेर वाकवा, सांधा उघडतो, सुरीच्या टोकाने आतला स्नायुबंध कापला की पाय वेगळा. मग फळीवर. मांडीतले मोठे स्नायू पांढऱ्या पडद्यांनी आपोआप विभागलेले असतात. बोटाने फट उघडा, सुरीने पुढे जा. वरचा चंदेरी पडदा काढून टाका, तो कितीही शिजवला तरी चिवटच राहतो. हरणाची चरबीही काढा. ती मेणासारखी टाळूला चिकटते. तांबड्या रश्श्यात तेल तेवढं वाढवून घाला.

दुसऱ्या हाताला न कापणारा जाळीचा हातमोजा घालाच. दोघांनी एकाच वेळी एकाच पोटात हात घालायचा नाही. आणि हातातून निसटलेली सुरी झेलायची नाही. पाय मागे घ्या, पडू द्या.

आठवी पायरी: कणा तोडायचा नाही, आणि सुरी धुवायची

हाड न तोडण्याचं कारण आता सांगतो. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा आजार विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला. तो जंतूंमुळे नाही, बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो. त्यांना प्रायॉन म्हणतात. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं एकही उदाहरण नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा सरकारी आरोग्य खात्याचा सल्ला आहे. प्रायॉन मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि लसिका ग्रंथींत जास्त असतात. म्हणून करवत घरी ठेवा, कण्याला हात लावू नका, मांस हाडांपासून सोडवून घ्या. हरणाचं डोकं तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीत जमा करा आणि निकाल येईपर्यंत पाकिटांवर तारीख व हरणाचा क्रमांक लिहून ती फ्रीजरमध्ये वेगळी ठेवा. मिनेसोटासारख्या राज्यांत बाहेरून अख्खं धड नेता येत नाही, पण हाडं काढलेलं मांस नेता येतं. तेव्हा राज्य ओलांडून घरी जायचं असेल तर हाडं काढायची सुरी हौसेची राहत नाही, गरजेची होते.

उकळत्या पाण्याने प्रायॉन मरत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवलं की घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात स्टेनलेस पोलाद पाच मिनिटं बुडवलं की पृष्ठभागावरचे प्रायॉन निष्क्रिय होतात. पाच भागांतले दोन भाग ब्लीच, तीन भाग पाणी. पण मांसाचा कण चिकटलेला असेल तर द्रावण त्याच्या आत पोचत नाही. म्हणून आधी ब्रशने आणि साबणाने स्वच्छ घासा, मग बुडवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. पाच मिनिटं झाली की लगेच भरपूर पाण्याने धुवा, ब्लीच स्टेनलेसलाही डाग पाडतं. डिशवॉशरमध्ये टाकू नका, धार तिथल्या काचांवर आपटून जाते.

कोरड्या फडक्याने पुसून पात्याला खाण्याच्या तेलाचा हलका हात द्या. आणि चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि पुढच्या नोव्हेंबरात गंजलेलं पातं निघतं. जाड पुठ्ठा दुमडून, रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवली तरी चालते. माझी ती आठ इंची सुरी अजून घरात आहे, कलिंगड कापायला.